जुना संगणक विकताना त्याचे कुलूपही काढून द्यावे

मा. संपादक,
सादर नमस्कार.

माझ्या पुतणीने यंदा अभियांत्रिकी पदविकेच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला. तिच्यासाठी मी पुण्यातील एका दुकानातून १४,५०० रुपयांना जुना लॅपटॉप विकत घेतला. दुकानात तो चालू करून दाखवण्यात आला, पडदा उजळला, पंखा फिरला आणि तेवढ्यावर माझे समाधान झाले. घरी आणून पाहतो तर पडद्यावर कोणा अनोळखी गृहस्थाचे नाव आणि त्याखाली पासवर्डची रिकामी चौकट. दुकानदाराला फोन केला असता, ‘आमच्याकडे माल असाच येतो, तुमच्या गावातला कोणीही पोरगा पाचशे रुपयांत उघडून देईल,’ असे उत्तर मिळाले.

तसा पोरगा कराडमध्ये मिळाला आणि तो कामात हुशारही निघाला. त्याने आठ जीबीच्या पेनड्राइव्हवरून जुने सगळे पुसून विंडोज नव्याने बसवली. विंडोजचा परवाना यंत्राच्या मदरबोर्डशी जोडलेला असल्यामुळे तो पुन्हा विकत घ्यावा लागत नाही, ही माहिती मला त्याच्याचकडून कळली. खरे तर गोष्ट इथेच संपायला हवी होती. परंतु लॅपटॉप वाय-फायला जोडताच पडद्यावर एका मोठ्या कंपनीचे नाव झळकले आणि त्या कंपनीचा कार्यालयीन ईमेल व पासवर्ड भरा, अशी सूचना आली. मोठ्या कंपन्या आपल्या यंत्रांची ओळख मायक्रोसॉफ्टकडे स्वतःच्या नावावर नोंदवून ठेवतात; त्यामुळे डिस्क कितीही वेळा पुसली तरी नव्याने मांडणी करताना इंटरनेट मिळाले, की यंत्र जुन्या मालकाचेच नाव सांगू लागते. ती नोंद मालकाने स्वतः काढणे हाच त्यावरचा सरळ मार्ग असतो.

आपण सगळ्यालाच ‘पासवर्ड’ म्हणतो, पण ही कुलुपे एकाच जातीची नसतात, आणि गिऱ्हाईक नेमके इथेच फसते. विंडोजच्या दारावरचा पासवर्ड नवी विंडोज बसवली की जातो. बिटलॉकरने, म्हणजे विंडोजमधल्याच डिस्कवरचा मजकूर सांकेतिक करून ठेवणाऱ्या सोयीने, डिस्क कुलूपबंद असेल तर ४८ अंकी किल्लीवाचून आतील मजकूर वाचता येत नाही, मात्र डिस्क पुसून यंत्र वापरता येते. विंडोज सुरू होण्याच्याही आधी विचारला जाणारा बायोसचा पासवर्ड जुन्या डेस्कटॉपवर रुपयाच्या नाण्यासारखा दिसणारा सेल काही वेळ काढून ठेवला की बहुधा पुसला जाई; अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये तो वीज नसतानाही टिकणाऱ्या चिपमध्ये असल्याने हा उपाय चालत नाही. ॲपलच्या अलीकडच्या यंत्रांवर जुन्या मालकाचे खाते तसेच राहिले असेल, तर यंत्र पुसूनही त्याच्या खात्याचा पासवर्ड मागितला जातो. म्हणजे ‘पाचशे रुपयांत उघडेल’ हे आश्वासन कधी खरे असते आणि कधी साफ खोटे, आणि कोणते कुलूप आहे हे दुकानदाराला आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असते.

त्या मुलाने पळवाटही सुचवली होती, ती मी नाकारली. यात माझा मोठेपणा काही नाही, मला भीती वाटली. दुसऱ्याचे नाव मिरवणारे हे यंत्र चोरीचे तर नसेल, हा प्रश्न मनातून जाईना. चोरीचा संगणक आहे हे माहीत असून, किंवा तसे मानण्यास कारण असूनही, तो अप्रामाणिकपणे स्वीकारणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ ब या कलमानुसार तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून मी थेट त्या कंपनीला ईमेल केला. त्यांनी यंत्राचा अनुक्रमांक (सीरियल नंबर) आणि खरेदीची पावती मागितली, आणि माझ्या पावतीवर फक्त ‘जुना लॅपटॉप, १ नग’ एवढेच लिहिलेले होते! दुकानदाराकडे दोन खेपा घालून, बरीच बोलाचाली झाल्यावर अनुक्रमांक असलेली पावती मिळाली. त्यानंतर दहा दिवसांत कंपनीने आपली नोंद काढली. यंत्र चोरीचे नव्हतेच, कंपनीने रीतसर मोडीत काढलेल्या मालातले होते. फक्त विकताना आपले नाव काढायचे कोणाच्या लक्षात राहिले नव्हते.

जुन्या मोबाइलच्या बाबतीत त्याचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक ‘केवायएम’ या अक्षरांपुढे लिहून १४४२२ वर एसएमएसने पाठवला, की तो काळ्या यादीत आहे का हे खरेदीपूर्वी कळू शकते. लॅपटॉपला सहसा असा क्रमांक नसतो. ग्राहकाच्या हाती राहते ती केवळ पावती. म्हणून पावतीवर अनुक्रमांक लिहिणे, आणि यंत्र नव्याने मांडून, इंटरनेटला जोडून गिऱ्हाइकासमोर शेवटपर्यंत चालवून दाखवणे, या दोन गोष्टी जुन्या संगणकांच्या विक्रेत्यांवर बंधनकारक कराव्यात. २०२२ च्या ई-कचरा नियमांनुसार जुनी उपकरणे दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. त्या नोंदणीच्या अटींत ही भर घालणे अवघड नसावे. तोवर वाचकांनी पैसे देण्यापूर्वी हे दोन्ही स्वतः मागून घ्यावे, आणि दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

एक गोष्ट मात्र मला कबूल केली पाहिजे. मी एका सरकारी कार्यालयात भांडारपाल होतो आणि जुन्या संगणकांच्या निर्लेखनाच्या, म्हणजे ते मोडीत काढण्याच्या, याद्या मीच तयार करीत असे. जडवस्तू संग्रह नोंदवहीतील क्रमांक, खरेदीचे वर्ष, मूळ किंमत, लिलावात आलेली किंमत असे सगळे रकाने त्या यादीत असत. डिस्क पुसली का, पासवर्ड काढला का, याचा रकाना नव्हता, आणि तो असावा असे मलाही कधी सुचले नाही. आमच्या लिलावातून गेलेली ती यंत्रे कोणाच्या घरी, कोणाचे नाव दाखवत उघडली असतील, कोण जाणे. निर्लेखनाच्या नमुन्यात शासनाने तेवढा एक रकाना आता वाढवावा, अशी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त भांडारपाल, कराड