मधुमेहींना अनवाणी चालायला सांगू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला चांगल्या सवयींवरचा लेख वाचला. वेळेवर जेवण, पुरेशी झोप, रात्री मोबाइल लांब ठेवणे, इथपर्यंत सगळे पटले. पण रोज सकाळी अर्धा तास अनवाणी चाला म्हणजे साखर उतरते, असे तुम्ही चौकटीत ठळक छापले आहे, ते वाचून संताप आला. ज्यांना साखर आहे, त्यांनीच अनवाणी चालायचे नसते!

मधुमेह जुना झाला की पायांच्या नसा बधिर होऊ लागतात. काटा रुतला, फोड आला तरी कळत नाही. त्यात रक्तपुरवठा कमी असला की जखम चिघळते आणि बोट, कधी पाऊलही कापावे लागते. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये उन्हे वर आली की डांबर पोळते. चटका कळतच नसेल तर माणूस थांबणार कसा? कोजागरीला तुळजापूरला पायी जाणाऱ्यांत आणि आषाढीच्या वारीत साखरेच्या गोळ्या घेणारे असतातच. त्यांनी जरूर जावे, पण पायांत बूट घालून. त्याने भक्ती कमी होत नाही.

छापायचेच तर घरी करता येणारी तपासणी छापा. डोळे मिटून आडवे व्हावे. दुसऱ्याने तर्जनीच्या टोकाने दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांना एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करावा. दाबू नये, कारण दाब बधिर पायालाही जाणवतो आणि तपासणी फसते. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर पाय डॉक्टरांना दाखवावेत.

बूट संध्याकाळी घ्यावेत, दिवसभरात पाय थोडे सुजतात. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. अंगठ्याची चप्पल नको, तिचा पट्टा बेचकीत घासतो. घालण्याआधी आत हात फिरवून खडा आहे का बघावे. रात्री तळवे आरशात पाहावेत. भेगांना खोबरेल लावावे, पण बोटांच्या बेचक्यांत नाही. तिथे ओल राहून बुरशी धरते. शेकण्यासाठी गरम पाण्यात पाय बुडवणे तर बंदच करावे.

राहिले चालणे. साखर उतरायला पहाटेच उठायला हवे असे नाही. जेवणानंतर 10-15 मिनिटे, बोलता येईल एवढ्या वेगाने चालले तरी जेवणानंतरची उसळी कमी होते, कारण चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी पहाटे उपाशीपोटी लांब चालणे धोक्याचे आहे, साखर फार खाली जाऊ शकते. घाम फुटला, हात थरथरले तर लगेच थांबून तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि 15 मिनिटांनी पुन्हा साखर तपासावी. लेखात यातले एक अक्षर नाही.

त्याच पानावर खाली मधुमेह मुळासकट घालवणाऱ्या चूर्णाची जाहिरात होती. वर आरोग्याचा सल्ला आणि खाली हे! असल्या जाहिराती वाचून लोक चालू गोळ्या बंद करतात. निदान आरोग्याच्या पानावर तरी त्या घेऊ नका.

अनवाणी चालण्याबद्दलची दुरुस्ती त्याच चौकटीत, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सोलापूर