आई-बाबा, ट्रेनिंगचं खोटं सांगितलं

आई, बाबा,

फोनवर तीनदा सांगायला घेतलं आणि तिन्ही वेळा आई तू "जेवलीस का" विचारलंस, मग राहूनच गेलं, म्हणून लिहून पाठवतेय. झाबुआला पंधरा दिवसांच्या ट्रेनिंगला आले म्हणाले ते खोटं होतं. मी इथे एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात नोकरी धरलीय. इंदूरच्या लॅबचा राजीनामा गेल्या महिन्यातच दिला. पगार कमी आहे, पण बाबा, वही काढून हिशोब मांडायला बसावं इतका पण कमी नाही. खोलीचं भाडं ट्रस्ट देतं आणि स्कूटीचा हप्ता मीच भरणार.

खोली चांगली आहे, खरंच. गीझर नाही पण बादलीतला रॉड आहे. मेसवाल्या काकू मक्याची भाकरी आणि लसणाची चटणी देतात, पोह्यांवर इथे पण सेव असते, आणि गंगवालहून बस पकडली तर दीडशे किलोमीटर, म्हणजे काही परदेश नाही.

काकूच्या वेळी आपण इंदूरच्या एमवाय हॉस्पिटलात अकरा रात्री काढल्या, तेव्हा शेजारच्या कॉटवरचा अलीराजपूरचा मुलगा आठवतो? रात्रभर हाडं दुखतात म्हणून रडायचा. आई, तू त्याला मेतकूट-भात भरवलास आणि मी फुगून बसले, कारण डबा माझा होता. त्याला सिकल सेल, म्हणजे रक्ताचा तो आनुवंशिक आजार, असणार हे मला लॅबमध्ये आल्यावर उमगलं. लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, त्या कळा त्याच्या. उपचार फुकटच होता ना, तरी त्याचे वडील बाबांना सांगत होते की बसभाडं आणि बुडालेली मजुरी धरून दोन बकऱ्या विकल्या. त्या बकऱ्या माझ्या डोक्यातून कधी गेल्याच नाहीत.

इथलं हॉस्पिटल स्वतःच हाटात जाऊन बसतं. बाजाराच्या दिवशी आसपासच्या फलियांतले, म्हणजे वस्त्यांवरचे लोक तसेही येतातच, वेगळा खाडा पडत नाही. बोटाला टोचून थेंबभर रक्त घ्यायचं, ट्यूबमधलं पाणी गढूळ होऊन मागच्या रेघा दिसेनाशा झाल्या की संशय, मग खात्री करायला नमुना एचपीएलसी मशीनवर, ते माझं काम. होळीआधी भगोरियाच्या जत्रेत तर श्वास घ्यायला फुरसत नसणार, गुजरातला मजुरीला गेलेले सगळे तेव्हाच घरी येतात. कोणी वाहक निघाला, म्हणजे आजार नाही पण त्याचा दोष अंगात आहे, की समजवायचं, बाबा रे तू आजारी नाहीस, पण बायको पण वाहक असली तर दर बाळंतपणाला चारात एक मूल आजारी निघायची भीती. हे भिलीत सांगायला इथलीच एक ताई बरोबर असते, ती नसली तर माझं मशीन नुसतं शोभेचं. आजार निघालाच तर हायड्रॉक्सीयुरिया नावाची गोळी, पण ती घेताना अधूनमधून रक्त तपासावं लागतं, म्हणून पुन्हा त्याच हाटात भेटायचं. बाबा, २०२३ च्या जुलैत शहडोलहून ते सिकल सेलचं सरकारी मिशन सुरू झालं, आदिवासी भागातल्या ४० वर्षांपर्यंतच्या सगळ्यांना तपासायचं, २०४७ पर्यंत आजार संपवायचा, तेव्हा टीव्हीपुढे तुम्हीच म्हणालात "नुसत्या घोषणा". म्हटलं, थेंब घ्यायला तरी कोणी जायला हवं ना. टोमणा नाही हं हा.

काल रात्री लाइट गेली तर तोंडातून "बाबाऽ" अशी हाकच निघाली. तीस वर्षांची घोडी मी. मग मोबाइलच्या उजेडात एकटीच हसत बसले, थोडी रडले पण.

आता ऐका. बाबा, आयुष्मानचं ते वय वंदना कार्ड काढा, फुकट उपचाराचं. "ते गरिबांचं असतं" हे पुरे झालं. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना आहे, उत्पन्न कितीही असो, भरती व्हावं लागलं तर वर्षाला ५ लाखांपर्यंत. आधार लागतं फक्त. इथे मी दिवसभर दुसऱ्यांच्या आजोबांची कार्डं काढून देते आणि माझ्याच घरी नाही, बरं दिसतं का? आई, तुझ्या सत्तरीला दोन वर्षं आहेत, तोवर डब्यामागे लपवलेली शक्करपारे संपवून टाकू नकोस, मला माहितीये कुठे आहेत. पाय सुजले तर फोन कर, मंगळवारची वाट बघू नकोस.

शनिवारी रात्री येतेय. भांडायचं ते समोर भांडू, फोनवर नको.

आणि बाबा, बीपीची गोळी घेतलीत ना? हे खरं म्हणजे पत्राच्या सुरुवातीलाच लिहायला हवं होतं.

तुमची,
छकुली