दाब हळू सोड

चि. सायलीस, अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रयोगाचा विषय, म्हणजे सुपरक्रिटिकल कार्बन डायऑक्साइडच्या दाबाखाली ब्लॉक कोपॉलिमरची (दोन प्रकारच्या लांब रेणूसाखळ्या जोडून झालेल्या पदार्थाची) रचना कशी बदलते, हा फोनवर कळला आणि फार आनंद झाला. सुपरक्रिटिकल कार्बन डायऑक्साइडने मी २२ वर्षं मिरी-आल्याचा अर्क काढला, त्यामुळे निम्मा विषय माझ्या हाताखालचा आहे.

३१ अंश सेल्सिअस आणि ७४ बारच्या (हवेच्या दाबाच्या साधारण ७३ पट) वर तो सुपरक्रिटिकल होतो: ना धड वायू, ना धड द्रव. काचेच्या खिडकीतून बघ: आधी द्रवाची रेघ पुसट होते, मग सगळं धुकं होतं आणि धुकं निवळतं तेव्हा रेघच नसते.

ब्लॉक कोपॉलिमर मात्र मी आत्ता वाचून समजून घेतलं. न पटणाऱ्या दोन साखळ्या टोकाला पक्क्या जोडलेल्या, म्हणून तेल-पाण्यासारख्या पूर्ण वेगळ्या होत नाहीत. दहा ते शंभर नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) थर, नळ्या किंवा गोळे करून राहतात. मला वाटलं होतं, वायू मुरला की दोघी सैल होऊन मिसळत असतील. काही जोड्यांत तसं होतंही. पण वॉटकिन्स आणि रसेल या पॉलिमर-संशोधकांच्या गटाने १९९९ मध्ये उलटं दाखवलं. पॉलिस्टायरिन आणि पॉलिब्यूटाइल मेथाक्रिलेट ही जोडी मुळात तापवल्यावर विलग होणारी. वायूच्या दाबाखाली ती कितीतरी कमी तापमानालाच विलग झाली. हे वाचून मी थक्क झालो.

आता माझा अनुभव. पहिल्याच वर्षी पाळी संपत आली म्हणून मी व्हॉल्व्ह भराभर उघडला. व्हॉल्व्हवर पांढरा बर्फ धरला. झाकण काढलं तर रबरी ओ-रिंग (गळती रोखणारं गोल कडं) फोडांनी भरलेली. मुरलेल्या वायूला सावकाश बाहेर पडायला वेळच मिळाला नव्हता, त्याने रबर आतून फाडलं.

तुझ्या नमुन्यातही तो असाच मुरलेला असेल. दाब झटकन काढलास तर पॉलिमर फेसाळेल, आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी रचना दाबाखालची की दाब सोडतानाची, हे सांगता येणार नाही. शक्य असेल तर दाब असतानाच क्ष-किरण किंवा न्यूट्रॉन सोडून रचना मोज. आणि दाब असताना कुठल्याही फिटिंगला पाना लावायचा नाही, बाळा. गळती झाली तर हा वायू खाली साठतो, वासही येत नाही. पंखा चालू आहे ना, ते रोज बघ.

ती ओ-रिंग मी अजून जपून ठेवली आहे. आई परवा लाडू पाठवते आहे, त्याच पार्सलमध्ये कागदात गुंडाळून ठेवतो. फोडांवरून बोट फिरवून बघ.

तुझा,
बाबा