त्या एका सेकंदाबद्दल

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘हॅरॉल्ड अँड मॉड’ (१९७१) या अमेरिकी चित्रपटावर आलेला लेख मी दोनदा वाचला. इतक्या जुन्या चित्रपटाला मराठी वर्तमानपत्रात अर्धं पान मिळालं, याचा मला मनापासून आनंद झाला. पण ‘विशीतला मुलगा आणि ऐंशीची बाई यांची खट्याळ प्रेमकथा’ हे वर्णन त्या लेखात तीनदा येतं, आणि मॉडच्या हातावरच्या आकड्याचा उल्लेख एकदाही येत नाही. म्हणून हे पत्र.

मी आता निवृत्त आहे. आधी स्टीनबेकवर, म्हणजे फिल्मची रिळं पाहत कापण्या-जोडण्याच्या टेबलावर, आणि शेवटची काही वर्षं कॉम्प्युटरवर चित्रपटांचं संकलन केलं. हा चित्रपट पहिल्यांदा फिल्म सोसायटीत पाहिला तेव्हा तो आकडा मलाही दिसला नव्हता. दुसऱ्या वेळी दिसला आणि मी खुर्चीत ताठ बसले. संध्याकाळी पाण्याकाठी दोघं बसलेली असतात. हॅरॉल्ड तिचा हात हातात घेतो, आणि तिच्या दंडाखाली गोंदलेला नंबर आपल्याला दिसतो. नाझी छळछावणीतल्या कैद्यांच्या हातावर असायचा तसा. जेमतेम एक सेकंद. ३५ मिमीच्या फिल्ममध्ये मोजायचं तर २४ फ्रेम, दीड फुटाची पट्टी. लगेच मॉड समुद्रपक्ष्यांकडे पाहत ड्रेफसची गोष्ट सांगते. डेव्हिल्स आयलंडवर कैदेत असताना त्याला अतिशय सुंदर पक्षी दिसायचे, आणि पुष्कळ वर्षांनी त्याच्या लक्षात आलं की ते साधे सीगल होते. माझ्यासाठी मात्र ते सुंदरच राहतील, असं ती म्हणते. ड्रेफस हा ज्यू असलेला फ्रेंच लष्करी अधिकारी, खोट्या आरोपाखाली शिक्षा भोगलेला. ती स्वतःबद्दल अवाक्षर बोलत नाही, तरी सगळं सांगून टाकते. आणि पुढे चित्रपटात कुणीही, कधीही त्या नंबरचं नाव काढत नाही.

दिग्दर्शक हॅल अ‍ॅशबी मुळात संकलक. ‘इन द हीट ऑफ द नाइट’च्या संकलनासाठी त्याला ऑस्कर मिळालं होतं. आणखी दोन सेकंद ठेवले असते तर तो शॉट ‘खुलासा’ झाला असता, मागे संगीत आलं असतं आणि प्रेक्षकांनी रुमाल काढले असते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. जिथे कापायचा तिथे त्याने तो कापला.

लेखकाच्या मते हॅरॉल्ड ‘मोठा होतो’ तो मॉडबरोबर घालवलेल्या रात्री. मला हे अजिबात मान्य नाही. सुरुवात आठवून पाहा. हॅरॉल्ड मेणबत्त्या लावतो, रेकॉर्ड लावतो आणि गळफास घेतल्याचं सोंग करतो. आई आत येते, त्याच्याकडे एकदा पाहते आणि फोन करायला बसते. जाताना म्हणते, जेवण आठ वाजता. एका शिबिरात मी मुलांना हा प्रसंग दाखवला तेव्हा सगळी खोली हसली. एक मुलगी तेवढी हसली नाही. ती म्हणाली, ‘‘आईने बघितलंय, पण ती बघत नाहीये.’’ इतकी वर्षं हा चित्रपट पाहून मला जे शब्दांत धरता आलं नव्हतं, ते तिने एका वाक्यात धरलं. पुढे हीच आई मुलासाठी वधू शोधायला कॉम्प्युटर डेटिंगची प्रश्नावली मोठ्याने वाचते आणि उत्तरं स्वतःचीच भरत जाते. समोर मुलगा पिस्तूल भरत असतो. हॅरॉल्डची सगळी सोंगं एकाच मागणीची आहेत: माझ्याकडे बघा. पाण्याकाठच्या त्या सेकंदात पहिल्यांदा तो दुसऱ्या कुणाकडे बघतो, तिचं दुःख त्याला दिसतं आणि तो गप्प राहतो. माझ्या लेखी तो वयात येतो तो इथे.

याच कारणासाठी शेवट मला इतका हलवून जातो. मॉड आपल्या ऐंशीव्या वाढदिवशी गोळ्या घेते. हे सोंग नसतं. अँब्युलन्स, हॉस्पिटलचा कॉरिडॉर आणि एकटी धावणारी गाडी यांची अ‍ॅशबीने केलेली गुंफण, मागे कॅट स्टीव्हन्सचं गाणं. ते गाणं चालू असताना संवाद ऐकू येत नाहीत, आणि काळ मागे-पुढे होत राहतो. मी ते रीळ कितीदा पाहिलं असेल!

चित्रपटात उणिवा आहेत, त्याही लिहायला हव्या होत्या. मानसोपचारतज्ज्ञ, धर्मगुरू, लष्करातला मामा ही नुसती व्यंगचित्रं आहेत. आत्महत्येची सोंगं हसण्यासाठी वापरणं आजच्या किशोरवयीन मुलांसमोर किती जपून दाखवायला हवं, हे मी त्या शिबिरात शिकले. आता मी आधी बोलते, मग चित्रपट लावते.

लेखात आणखी एक राहिलं. प्रदर्शित झाला तेव्हा हा चित्रपट पडला होता. त्याला वाचवलं ते पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रेक्षकांनी. मिनियापोलिसजवळच्या इडायना इथल्या वेस्टगेट थिएटरात तो १९७२ ते १९७४ अशी दोन वर्षांहून अधिक काळ चालला, इतका की शेवटी आसपासच्या रहिवाशांनी ‘आता दुसरा चित्रपट लावा’ म्हणून फलक धरले. १९९७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला. एकदा पाहून तो पुरता उलगडला असता, तर ती माणसं पुन्हा तिकीट काढून कशाला आली असती?

पुढच्या रविवारी या लेखाचा उत्तरार्ध आहे, असं आपण छापलं आहे. तो छापखान्यात जाण्याआधी लेखकांनी तेवढा एक प्रसंग पुन्हा पाहावा, ही विनंती. ड्रेफसचं नाव ऐकू येईल, त्याच्या जरासं आधी. नजर मॉडच्या चेहऱ्यावर नको, हातावर ठेवावी.

आपली नम्र,
एक निवृत्त चित्रपट-संकलक