नाव एकच, वॅट निम्म्याहून कमी: पातळ लॅपटॉपच्या विक्रीबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: 'तुलना करा' पानावरील अपुऱ्या माहितीमुळे चुकीचे मॉडेल गळ्यात पडल्याबाबत, लॅपटॉप बदलून अथवा पैसे परत मिळणेबाबत.

महोदय/महोदया,

आपल्या संकेतस्थळावरून घेतलेला १६ इंची पातळ लॅपटॉप बिघडलेला नाही. पडदा सुरेख आहे, कीबोर्डला नाव ठेवायला जागा नाही. सर्व्हिस सेंटरने 'नो फॉल्ट फाउंड' असा शेरा मारून तो परत दिला, तो शेराही खरा आहे. आमची तक्रार यंत्राबद्दल नसून ते विकताना लपवलेल्या आकड्यांबद्दल आहे.

आपल्या पानावर दोन मॉडेल शेजारी दाखवली आहेत. एक १.६ किलोचे, दुसरे २.४ किलोचे. दोन्हींत प्रोसेसर आय७-१३७००एच, दोन्हींत ८ जीबीचे आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स, दोन्हींत १६ जीबी रॅम. खाली निष्कर्ष: 'तीच ताकद, ८०० ग्रॅम कमी.' आमचे काम ४के व्हिडिओ संकलनाचे आहे, दाव्हिन्ची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरवर चालते, हे चॅटवर स्पष्ट लिहिले होते. त्यावर आपल्या प्रतिनिधीचे उत्तर: 'लोकलने ये-जा असेल तर पातळच घ्या, वेगात फरक नाही.'

फरक आहे, आणि तो आपणच ठरवलेला आहे. लॅपटॉपमधले आरटीएक्स ४०६० हे ३५ ते ११५ वॅट या पट्ट्यात कुठेही बसवता येते. त्यातले किती वॅट द्यायचे, हे लॅपटॉप बनवणारा ठरवतो, आणि वॅट कमी मिळाले की वेगही कमी होतो. आपल्या पातळ मॉडेलमध्ये ते ४५ वॅटला बांधले आहे, जाड मॉडेलमध्ये ११५ला. तपासायला अवजारे लागत नाहीत: एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडा, हेल्प, मग सिस्टिम इन्फर्मेशन, तिथे 'मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर' ही ओळ वाचा. मात्र ही ओळ वाचायला आधी लॅपटॉप विकत घ्यावा लागतो, कारण आपल्या पानावर ती कुठेच नाही.

प्रोसेसरचेही तेच. १३७००एचची मूळ वीजमर्यादा ४५ वॅट. आमच्या यंत्रावर एक्स्पोर्ट (तयार व्हिडिओ बाहेर काढणे) सुरू केल्यावर पहिली काही सेकंदे तो ८० वॅटच्या वर जातो, तापमान १०० अंशांना टेकते आणि एचडब्ल्यूइन्फो या मोजमापे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'थर्मल थ्रॉटलिंग' (उष्णतेमुळे वेग आवरणे) यासमोर 'येस' उमटते. मग तो ३० वॅटच्या आसपास उतरतो. ग्राफिक्सलाही एकाच वेळी काम असेल, तर २० वॅटवर. दोघांची उष्णता त्याच दोन तांब्याच्या नळ्यांतून बाहेर पडते, त्यामुळे एकाने जोर केला की दुसऱ्याला हात आखडता घ्यावा लागतो. आपल्या जाहिरातीतले गुण या पहिल्या काही सेकंदांचे आहेत. सिनेबेंच हे प्रोसेसरचा वेग मोजणारे सॉफ्टवेअर एकदाच चालवले तर पातळ आणि जाड मॉडेल जवळजवळ बरोबरीचे दिसतात. दहा मिनिटे सलग चालवले की खरे अंतर कळते.

आमच्याच कामाच्या जागी आपले जाड मॉडेलही आहे. एकच प्रोजेक्ट, एकच खोली, सॉफ्टवेअरची एकच आवृत्ती, दोन्ही यंत्रे चार्जरवर आणि 'परफॉर्मन्स' मोडवर: नॉइज रिडक्शन (चित्रातली खरखर काढणे) लावलेली टाइमलाइन जाड मॉडेलवर १२ मिनिटांत बाहेर पडते, पातळवर २१ मिनिटांत. दोन्ही वेळच्या नोंदींच्या फाइली जोडल्या आहेत.

सर्व्हिस सेंटरचा सल्ला होता, 'कूलिंग पॅड घ्या.' या सल्ल्याने प्रोसेसरचे थोडेफार भले होईल, कारण त्याची अडचण तापमानाची आहे. ग्राफिक्सची अडचण तापमानाची नाहीच. नोंदीत ते ७० अंशांच्या आसपास आहे आणि अडवणुकीचे कारण 'पॉवर' असे दिसते. फर्मवेअरमध्ये, म्हणजे यंत्रातच भरून दिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, घातलेली ४५ वॅटची वेस पंख्याने कशी ओलांडणार? नव्या थर्मल पेस्टचाही तिथे उपयोग नाही.

दुसरे काही नाही तरी निदान चार्जर पाहा. पातळ मॉडेलसोबत १०० वॅटचा टाइप-सी चार्जर येतो, जाडसोबत २३० वॅटचा. ग्राफिक्सला ११५ आणि प्रोसेसरला ४५ म्हणजे १६० वॅट, पडदा, पंखे, रॅम वेगळे. हे १०० वॅटमध्ये बसत नाही, हा हिशेब पाचवीतल्या मुलालाही येईल. ताकद तीच नाही, हे आपल्याच चार्जरवर छापलेले आहे, पण 'तुलना करा'मध्ये चार्जरचा रकाना नाही.

रॅमबाबत चॅटवर सांगितले गेले, 'पुढे लागली तर वाढवून घ्या.' पातळ मॉडेलमधली रॅम मदरबोर्डवरच डाग देऊन बसवलेली आहे, मोकळा स्लॉट एकही नाही. लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतही ती १६ची ३२ सहजासहजी करून मिळणार नाही. जाड मॉडेलमध्ये मात्र दोन स्लॉट आहेत. ४केच्या कामात १६ जीबी रॅम भरली की विंडोज उरलेली माहिती रॅमहून हळू असलेल्या एसएसडीवर ठेवू लागते, आणि मग टाइमलाइन अडखळते.

हलका लॅपटॉप वाईट, असे आम्ही म्हणत नाही. गर्दीच्या लोकलमध्ये बॅग छातीशी धरून दादरला उतरणाऱ्याला २.४ किलो आणि वर पाऊण किलोचा चार्जर म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. लिखाण, हिशेब, सादरीकरणे, अगदी साधे एचडी संकलन यांसाठी पातळ मॉडेलच योग्य. जाड मॉडेलही चार्जर काढला की मंदावतेच, हेही लोकांना सांगायला हवे. निवड ज्याची त्याने करावी, पण आकडे समोर ठेवून. आणि ते आकडे २५ अंशांच्या वातानुकूलित खोलीतले असतील तर तसे लिहावे. मे महिन्यात एसीविना ३३-३४ अंशांच्या खोलीत पंखा त्याहून थंड हवा कुठून आणणार?

आमच्या मागण्या अशा. पातळ लॅपटॉप परत घेऊन बिलाच्या दिवशीच्या किमतीने जाड मॉडेल द्यावे. किमतीतला फरक आम्ही भरू, मात्र वापराची घट कापू नये. ते जमत नसेल तर पूर्ण रक्कम परत करावी. 'तीच ताकद' हा मजकूर काढावा आणि त्या पानावर ग्राफिक्सचे वॅट, प्रोसेसरचे दहा मिनिटांनंतरचे वॅट, दोन्ही एकत्र चालताना टिकणारे वॅट, चार्जरसह वजन आणि रॅम वाढते की नाही, एवढे टाकावे. हे आकडे आपल्या अभियंत्यांकडे आजही आहेत. त्यांच्याशिवाय थंडाव्याची रचना करताच येत नाही.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एक महिन्यात होणे अपेक्षित आहे. महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवणारी जाहिरात ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार दिशाभूल करणारी जाहिरात ठरते. लॅपटॉप स्वयंरोजगारासाठी, स्वतः वापरायला घेतला असल्याने 'व्यावसायिक खरेदी' म्हणून तक्रार फेटाळू नये. मुदतीत उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून मुंबईतल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. तक्रारदार राहतो तिथे दावा लावता येतो, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही नाही.

सोबत बिल, चॅटची प्रत, 'तुलना करा' पानाचे छायाचित्र, दोन्ही यंत्रांच्या नोंदी आणि सर्व्हिस सेंटरचा शेरा जोडला आहे. उत्तर लेखी द्यावे, फोनवर नको.

कळावे,

आपले ग्राहक,
दोघे व्हिडिओ संकलक,
दादर, मुंबई