भिंती की खाटा

प्रिय बंड्या,

पत्र नाही म्हणून तू फुगला असशीलच. तब्येत ठीक, आईची साखर आटोक्यात.

ते रिकामं पडलेलं ऑफिस आठवतं ना? त्यात बेघरांसाठी घरं करायचीत, आराखडा माझ्या गळ्यात पडलाय. तुला वाटेल, भिंती घातल्या की खोल्या झाल्या. अरे, मजला एवढा रुंद की मधल्या भागात भर दुपारी दिवा लावावा लागतो. संडास सगळे लिफ्टपाशी, एका गठ्ठ्यात. खोलीगणिक न्हाणीघर द्यायचं तर स्लॅबला भोकं पाडा, सांडपाण्याच्या पाइपला उतार द्या, आणि तो उतार खालच्या मजल्याची उंची खातो. त्यापेक्षा बंद पडलेलं हॉटेल बरं, बाथरूम आयते. कॅलिफोर्नियाने 2020 मध्ये, महामारीत, हॉटेलं-मोटेलं विकत घेतली ती उगाच नाही.

पण पाइपचं काय, निभावेल. समितीतल्या एका गृहस्थांनी नकाशावर बोट ठेवलं : "या भिंती कशाला? हॉल ठेवा, खाटा लावा. दुप्पट माणसं मावतील." हिशोब चोख आहे, हीच तर पंचाईत! मी फिनलंडमधल्या हेलसिंकीचं सांगितलं. तिथे साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेच्या बेघरांसाठीच्या वसतिगृहात 250 खाटा होत्या. त्या काढून 81 स्वतंत्र घरं केली, ज्याच्या त्याच्या नावावर भाडेकरार. गृहस्थ शांतपणे म्हणाले, "मग उरलेले कुठे गेले?"

फिनलंडने बाजारातले फ्लॅटही विकत घेतले, नवी घरंही बांधली, हे मी सांगितलं. पण आमच्या हातात एवढी एकच इमारत. मी भिंत काढली की कोणीतरी आत येतो, ठेवली की तोच बाहेर राहतो. रात्री हेच डोक्यात फिरतं.

तू त्यांच्याच बाजूने भांडशील, ठाऊक आहे. "आधी छप्पर, मग कडी." म्हणणारा कोण? हॉस्टेलात चपला उशाखाली घेऊन झोपणारा! दिन्या साक्षीला आहे. भाडेकराराचा माणूस सहजासहजी हाकलता येत नाही, खाटेवरचा सकाळी उठवता येतो. याचं उत्तर दे आधी, मग छपराचं बोल.

तुझ्या बदलीचं काय झालं? चिमीचा निकाल? वहिनींना नमस्कार. गुडघ्याचं दुखणं अंगावर काढू नकोस.

मंगळवारी बैठक आहे. नकाशा भिंतींसकटच नेणार. त्याआधी फोन कर, आणि त्या 'उरलेल्यां'बद्दल काही सुचलं तर तेवढंच सांग, भाषण नको.

तुझा,
विन्या