गंजलेला बिडाचा तवा भंगारात देऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत बिडाच्या भांड्यांवर अर्धं पान लेख आला होता तो वाचला. फोटो छान होते, पण शेवटी एक वाक्य होतं की तवा गंजला की तो बाद समजावा आणि नवीन घ्यावा, ते वाचलं आणि मला राहवलं नाही म्हणून हे पत्र. संपादक साहेब, हे साफ चुकीचं आहे. तडा गेला तर तवा बाद, नुसता गंज चढला तर नाही. एवढंच मला सांगायचंय पण ते जरा सविस्तर सांगायचंय, कारण गेल्या पावसाळ्यापासून आमच्या सोसायटीच्या गेटवर भंगारवाल्याच्या हातगाडीवरून मी स्वतः तीन तवे आणि एक आप्पेपात्र उचलून परत आणलंय, आणि चारही आज वापरात आहेत.

आधी बीड म्हणजे काय ते सांगते, कारण माझ्या मुलीच्या मैत्रिणीने मला विचारलं होतं की काकू हे तवे बीड जिल्ह्यात बनतात का. हल्ली सगळे कास्ट आयर्न म्हणतात त्यामुळे शब्दच कानावर पडत नाही. बीड म्हणजे ओतीव लोखंड. माझे वडील कोल्हापूरला शिरोलीत एका फाउंड्रीत साच्याच्या कामावर होते, तिथे गाड्यांचे पार्ट ओतायचे, आणि त्यांनी मला लहानपणी मोडलेला एक तुकडा दाखवला होता, आतून करडा आणि दाणेदार. बिडात कार्बन दोन टक्क्यांच्या वर असतो, चार टक्क्यांपर्यंतही जातो, म्हणून ते कडक पण ठिसूळ, पत्र्याच्या तव्यासारखं वाकत नाही, फुटतं. वडील म्हणायचे की बीड सगळं सोसतं, पण तापलेल्या अंगावर गार पाणी सोसत नाही. बाजारात जाडसर पत्र्याचे तवे पण बिडाचे म्हणून विकतात, त्याला लोहचुंबक लावून काही कळत नाही कारण चुंबक दोन्हीला चिकटतं. वजन बघा, आणि बोटाने टिचकी मारून आवाज ऐका, पत्रा टणटणतो, बिडाचा आवाज बसका येतो. वाळूच्या साच्यात ओतलेलं असतं म्हणून पाठीला बारीक रवाळपणा पण हाताला लागतो.

आता त्या पहिल्या तव्याबद्दल. जुलै महिना होता, सकाळी दूध घ्यायला खाली गेले तर गाडीवर रद्दीच्या गठ्ठ्याशेजारी तो पडलेला, पूर्ण नारिंगी, हात लावला की बोटाला पावडर यायची, मधे जुन्या तेलाचे काळे पोपडे, पण कड चांगली जाड आणि बारकाईने बघितलं तर कुठे चीर नाही. किलोच्या भावाने घेतला. घरी आणून आधी कोरडाच तारेच्या घासणीने घासला, मग जाडं मीठ आणि अर्धं लिंबू घेऊन गोल गोल चोळला. जिथे गंज खोल होता तिथे व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं करून अर्धा तास ठेवलं, त्याहून जास्त नाही हां, कारण गंज संपला की ते आंबट पाणी लोखंडच खायला लागतं. मग साबणाने स्वच्छ धुतला. आणि इथेच लोक फसतात, कारण घासून करडं उघडं झालेलं बीड धुऊन तुम्ही नुसतं ओट्यावर पालथं घातलंत तर पाच-दहा मिनिटांत डोळ्यांदेखत पुन्हा नारिंगी झाक येते, मग वाटतं की हा तवा सुधारणारच नाही आणि परत भंगारात जातो. धुतल्या धुतल्या फडक्याने टिपायचा आणि लगेच मंद गॅसवर ठेवायचा, वाफ जाऊन पूर्ण कोरडा झाला की गरम असतानाच तेल.

तेल किती, हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. पहिल्या वेळी मी भरपूर तेल ओतून तापवलं होतं आणि तवा असा चिकट झाला की फडकं पण चिकटून बसायचं, ते सगळं पुन्हा घासून काढावं लागलं. तेल लावायचं आणि मग दुसऱ्या कोरड्या सुती फडक्याने ते असं पुसून काढायचं की जणू चुकून लागलं होतं. नजरेला तवा कोरडाच वाटला पाहिजे, तरी पुरेसं तेल असतं त्यावर. मग खिडक्या उघडून, एक्झॉस्ट लावून मध्यम आचेवर ठेवायचा, धूर निघू द्यायचा आणि धूर थांबला की बंद. बीड उष्णता धरून ठेवतं पण पसरवत नाही लवकर, म्हणून घरच्या बर्नरवर फक्त मधला गोल तापतो आणि कडा कच्च्या राहतात, तर तवा सरकवत सरकवत कडा पण आचेवर आणायच्या. ओव्हन असेल तर आणखी सोपं, पालथा ठेवून २३० डिग्रीला तासभर आणि तिथेच गार होऊ द्यायचा. असं पाच-सहा वेळा, एका दिवसात उरकलं नाही तरी चालतं. दुसऱ्या-तिसऱ्या हाताला तवा तपकिरी दिसतो आणि बायका म्हणतात परत गंजला वाटतं, तो गंज नाही, फडकं फिरवून बघा, पावडर येत नाही. पुढे तो काळा होतो.

हे होतं काय तर ते पातळ तेल तापल्यावर तेल राहतच नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि लोखंडाला धरून एक कडक, कोरडा थर बसतो. इंग्रजीत याला सीझनिंग म्हणतात, आमच्याकडे तवा तयार करणं म्हणायचे. जुन्या दारांना बेलतेलाचा हात मारतात आणि ते वाळून टणक होतं, तीच गोष्ट. बेलतेल म्हणजे जवसाचंच तेल, पण हार्डवेअरच्या दुकानातलं तव्याला चुकूनही लावू नका, त्यात ते लवकर वाळावं म्हणून रसायनं घातलेली असतात. खाण्याचं जवसाचं तेल चालतं, थर कडक येतो, पण माझ्या अनुभवाने तो पुढे कधी कधी पापुद्रे सुटून निघतो, मला साधं सूर्यफुलाचं तेलच बरं वाटतं, सोयाबीनचं पण चालतं, शेंगदाण्याचं पण चालतं. खोबरेल मात्र या कामाला नाही. खोबरेलात सॅच्युरेटेड फॅट ९० टक्क्यांच्या आसपास, ते असं गुंफलं जात नाही, थर कच्चाच राहतो. आता कोकणातले लोक म्हणतील आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या खोबरेल लावतात, तर ते रोजच्या घावण्यापुरतं लावतात ते बरोबरच आहे, मी पहिला थर बसवण्याबद्दल बोलतेय.

माझी आजी, आईची आई, कुडाळकडची. तिच्याकडे एक तवा होता, मधे किंचित खोलगट, त्यावर दुसरं काहीच करायचं नाही, फक्त घावणे आणि आंबोळ्या. चुलीच्या बाजूला करवंटीत तेल आणि त्यात बुडवून ठेवलेली नारळाची शेंडी, शेंडी एकदा गोल फिरवली की तव्यातून चर्र आवाज, वाटीने पातळ पीठ, झाकण, आणि झाकण उघडलं की कड आपोआप सुटून वर आलेली असायची, उलथणं नावाला. नवा तवा आणला की ती तो दोन-तीन दिवस तांदूळ धुतलेल्या पाण्यात बुडवायची, रोज पाणी बदलायची, मग तेल लावून चुलीशी ठेवायची आणि पहिले चार-पाच घावणे गुरांना. तांदळाच्या पाण्याने कारखान्यातलं तेल आणि वाळूची कच निघते, पण पाण्यात बुडवलेलं असतं म्हणून बाहेर काढल्यावर कोरडं करायला एक मिनिटसुद्धा उशीर करायचा नाही. मी घरी शेंडीऐवजी अर्धा कांदा काट्याला टोचून वापरते, वांग्याचं देठ पण छान काम करतं.

रोजच्या वापरात माझे नियम थोडेच आहेत. भाकरी-घावणे झाले की तवा कोमट असताना गरम पाण्याने काथ्याने घासायचा. साबणाचा थेंब लावला तर काही बिघडत नाही, साबण लावू नका हे पूर्वीच्या कॉस्टिकवाल्या कडक साबणाच्या काळातलं आहे, आत्ताच्या भांड्यांच्या लिक्विडने बसलेला थर निघत नाही. निघतो तो तारेच्या घासणीने रगडल्यावर आणि रात्रभर सिंकमध्ये पाण्यात भिजत ठेवल्यावर. भांडी घासायला मावशी येत असतील तर हे त्यांना नीट समजावून सांगा, त्यांनी काळं दिसलं की पांढरं होईपर्यंत घासायचं हेच काम आयुष्यभर केलंय, त्यांची काही चूक नाही, मी तर बिडाची भांडी घासायला टाकतच नाही, स्वतः धुते. धुऊन गॅसवर मिनिटभर, मग तेलाचं बोट. आणि आंबट काही नाही, निदान पहिले काही महिने तरी नाही. कोकम, चिंच, टोमॅटो, ताक यांनी थर सुटतो, पदार्थ काळा पडतो आणि जिभेला लोखंड लागतं. कोरडी बटाट्याची भाजी, भेंडी, थालीपीठ, पिठलं खुशाल करा, पण पिठलं झालं की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर हवाच ओली असते, त्यामुळे रोज वापरात नसलेला तवा कपाटात ठेवला तर महिन्यात ठिपके धरतो. झाकण घालून ठेवू नका, प्लास्टिकच्या पिशवीत तर नकोच, तेलाचा पातळ हात देऊन सुती फडक्यात गुंडाळा आणि पंधरा दिवसांतून एकदा बाहेर काढून गॅसवर तापवा. लोक वर्तमानपत्रात गुंडाळतात, तुम्हाला राग येईल कदाचित पण ते नको, छपाईची शाई तेलात उतरते, खाण्याचे पदार्थ वर्तमानपत्रात बांधू नका असं एफएसएसएआयने, म्हणजे सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने पण सांगितलेलं आहे.

इंडक्शनवर बीड उत्तम चालतं फक्त पहिल्याच मिनिटाला फुल पॉवर देऊ नका, हळूहळू वाढवा, नाहीतर मधला भाग एकदम तापतो, कडा गार, आणि चीर जाते. काचेवर घासत ओढू नका, उचलून ठेवा.

लेखात आरोग्याचा उल्लेख होता म्हणून थोडं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त, ५४ टक्के बायकांना अ‍ॅनिमिया निघाला. १९९९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात इथिओपियातल्या लहान मुलांचा अभ्यास आला होता, लोखंडी भांड्यातलं खाणाऱ्या मुलांचं हिमोग्लोबिन अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यातलं खाणाऱ्यांपेक्षा जास्त वाढलं. पण हे पण लक्षात घ्या की चांगला मुरलेला काळा थर असेल तर लोह कमी उतरतं, आणि डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील तर तवा हा त्याला पर्याय नाही. ज्यांच्या अंगात लोह साठण्याचा त्रास आहे किंवा घरात थॅलेसेमियाचा पेशंट आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

आता माझी तक्रार. दोन वर्षांपूर्वी मी एका मोठ्या दुकानातून बिडाची कढई घेतली, खोक्यावर ‘प्री-सीझन्ड’ लिहिलेलं, आत मराठीत एक अक्षर नाही, इंग्रजीत पण फक्त ‘हाताने धुवा’. पहिल्याच आठवड्यात तळाला गंज. परत घेऊन गेले तर मला सांगितलं की तुम्ही पाणी लावलंत म्हणून झालं. मुद्दा हा की कारखान्यातून येतो तो थर एका-दोन हातांचा असतो, घरी आणल्यावर आणखी दोन-तीन हात द्यावेच लागतात, आणि काही भांड्यांवर तर नुसतं गंज धरू नये म्हणून मेण किंवा तेल लावलेलं असतं जे आधी गरम पाण्याने काढून टाकायला हवं. हे खोक्यात चार ओळीत मराठीत छापायला किती खर्च येतो? ज्या राज्यात कोल्हापूरसारखं ओतकामाचं केंद्र आहे, जिथे १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तिथला लोखंडी नांगर शेतकऱ्याला पटवून द्यायला लक्ष्मणराव किर्लोस्करांना केवढे कष्ट पडले, त्या राज्यात बिडाची कढई कशी वापरायची हे गिऱ्हाइकाला सांगायला कोणी तयार नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. विकणाऱ्यांनी कृपया ती चिठ्ठी घालावी. कोणाला मजकूर हवा असेल तर मी लिहून द्यायला तयार आहे, पैसे नकोत.

आणि तुमच्याकडे एक विनंती, त्या लेखातल्या वाक्याची दुरुस्ती छापा, आणि शक्यतो जून लागायच्या आत छापा, कारण पहिले दोन पाऊस झाले की गंज दिसतो आणि तवे खाली गाडीवर यायला लागतात, मागच्या वर्षी मी जे आप्पेपात्र आणलं ते ज्या आजींचं होतं त्या आमच्याच विंगमध्ये राहतात, त्यांच्या सुनेने ते लेख-बिख वाचून नाही तर नुसतं लाल दिसलं म्हणून दिलं होतं. मी ते तयार करून त्यांना परत नेऊन दिलं तेव्हा त्यांनी आधी पालथं करून मागचा एक टवका शोधला, तो सापडला तेव्हा म्हणाल्या हो, हे माझंच.

आपली एक वाचक,
डोंबिवली (पूर्व)